थोरली घंटा उभी राहिली तेव्हा

एक

या मंडळी, अशी जवळ सरकून बसा. ही गोष्ट एका आवाजाची आहे, आणि आवाजाची गोष्ट लांबून ऐकली तर तिच्यातला जीव वाटेतच निघून जातो. हिच्यात चोरी आहे, चोर आहे, आणि तो सापडतोही. पण गोष्ट संपेल तेव्हा तुमच्या हाती चोर उरणार नाही, दुसरंच कुणी उरेल, एवढं वचन आत्ताच देऊन ठेवतो.

मार्टिनच्या टेकडीवर जुना मठ आहे आणि त्या मठात आमचं विद्यापीठ. इटली नि स्लोव्हेनियाची हद्द अंगणातून जाते, म्हणजे दगडांची एक ओळ आहे, एवढंच. स्वयंपाकघर एका देशात, प्रार्थनाघर दुसऱ्या देशात. विद्यार्थी मूठभर, भाषा तीन. संत मार्टिनाने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अंगरखा मधोमध कापून दिला होता; अशा अर्ध्या-अर्ध्या जागेला तोच शोभतो म्हणून विद्यापीठही त्याच्याच नावाचं.

नोव्हेंबरात त्याचा सण येतो. त्या दुपारी अंगणात चेस्टनट भाजण्याचा धूर होता, नवी द्राक्षमदिरा पिंपातून निघाली होती, आणि दोन्ही देशांचे पाहुणे कोटाची कॉलर वर करून उभे होते. त्यांच्यामध्ये झोरा देवेताक उभी होती. झोरा विद्यापीठाची दुभाषी. केस पांढरे व्हायला लागले तरी काम तेच: याचं बोलणं कानात घ्यायचं, त्याच्या कानात सोडायचं. नळातून पाणी जावं तसं बोलणं तिच्यातून जायचं. नळाजवळ थोडंच पाणी साठून राहतं.

मग घंटा सुरू झाल्या.

काय सांगावं? आमच्या मनोऱ्यात तीन घंटा आहेत आणि त्या तीन माणसं वाजवतात. धाकट्या दोन घंटा हलत नाहीत. वर उभे राहिलेले दोघं त्यांच्या आतले लोलक हातात धरून ठेका देतात, एकाच्या दोन टोल्यांच्या मध्ये दुसऱ्याचा टोला अचूक बसतो. थोरली मात्र खालून दोर ओढून झुलवायची. धाकट्यांची ती टिपरी आणि तिच्याखालून थोरलीचा येणारा-जाणारा नाद. कीर्तनात बुवांनी टाळकऱ्यांना खूण करावी आणि सगळं देऊळ एका लयीत श्वास घ्यायला लागावं, तसं अंगण झालं. स्वयंपाकघरातल्या बायासुद्धा हात पुसत बाहेर आल्या. घंटा चालू असताना कुणी छपराखाली थांबायचं नाही, ही इथली रीत आहे.

पाहुण्यांतली एक म्हातारी बाई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच ती इटालियनमध्ये पुटपुटली, "आधी घंटा चालत येत होती. आता उभं राहून गातेय." झोराने ते शेजारच्या स्लोव्हेन पाहुण्याच्या कानात घातलं. तो हसला. "कवी दिसतात बाई." झोरा ते विसरूनही गेली.

घंटा थांबल्या. मनोऱ्याच्या दारातून तिघं वाजवणारे बाहेर आले. निबंधक एत्तोरे विसिंतिन, इटालियन, गोल पोटाचा; जर्मन शिकवणारा ओत्मार वुत्ते, डोंगरापलीकडचा, ताडासारखा उंच. दोघं नुसत्या सदऱ्यावर, घामाने निथळत. त्यांच्या मागून थोरलीचा दोर ओढणारे कोमेलसर, विद्यापीठाचे म्हातारे रेक्टर, म्हणजे कुलगुरू, जाड कोट गळ्यापर्यंत बटणं लावून. तीन घंटांना तीन भाषांची माणसं, हीदेखील रीत. आणि मनोऱ्यात कुणी बोलायचं नाही, मनोऱ्यातलं खाली कुणी सांगायचं नाही. तीन भाषांत भांडण्यापेक्षा हे बरं, असं पूर्वजांनी ठरवलेलं.

लोक ताटांकडे वळले. तेवढ्यात दालनाच्या दारात नेवा लुपिंक दिसली. ध्वनिसंग्रह सांभाळणारी ही तरुण प्राध्यापिका. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

ती झोराच्या जवळ आली आणि हळू म्हणाली, "मावशी, तिंका नाहीये."

दोन

तिंका म्हणजे ध्वनिफितीचं एक रीळ.

डोंगरातल्या व्रहपोतोक नावाच्या गावात एक बोली होती. गाव ओस पडलं, बोली गेली. ती बोलणारी शेवटची बाई तिंका. तिच्या म्हातारपणी कोमेलसर, तेव्हा विद्यार्थी, पाठीवर यंत्र बांधून चढून गेले आणि तिचं एक गाणं घेऊन आले: क्रुसाखाली उभ्या असलेल्या येशूच्या आईचा, मारियेचा विलाप. त्या बोलीचा जगात उरलेला एवढाच आवाज. फीत इतकी जुनी की तंत्रज्ञ म्हणाला होता, एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही. म्हणून विश्वस्तांनी ठरवलं होतं की सणाच्या दुपारी, सगळ्यांसमोर, मोठ्या दालनात ती वाजवायची आणि वाजतानाच तिची नक्कल उतरवून घ्यायची.

आता कपाट बंद होतं, कुलूप शाबूत होतं, पत्र्याचा डबा जागेवर होता, आणि डब्यात काही नव्हतं.

"सकाळी मी स्वतः पाहिलं," नेवा विश्वस्तांसमोर म्हणाली. "रीळ होतं."

"हे कोण सांगतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीच."

"किल्ली कुणाकडे?"

नेवाने गळ्यातली साखळी वर काढली. किल्ली तिथेच होती. "दुसरी किल्ली माझ्या आधीच कधीतरी हरवली. कुलूप तेच आहे."

पुढचं कुणी मोठ्याने बोललं नाही, पण झोराच्या कानांना सगळं ऐकू येत होतं. नेवाला राजधानीच्या मोठ्या संग्रहालयाने बोलावलं आहे. रिकाम्या हाताने कशी जाईल? अध्यक्षांनी शेवटी सांगून टाकलं: रविवारपर्यंत रीळ सापडलं नाही तर नेवाची नोकरी गेली समजा, आणि राजधानीला तसं कळवलं जाईल. म्हणजे इथलं दार बंद आणि तिथलंही.

एकटे कोमेलसर उठले. "या पोरीला दोष देऊ नका. मी सांगतो ना."

"सर, तुमच्या सांगण्याचा आम्ही मान ठेवतो," अध्यक्ष म्हणाले, "पण सांगण्याने रीळ परत येत नाही."

सरांना खोकल्याची उबळ आली. त्यांना धरून घरी न्यावं लागलं, आणि त्या दिवसापासून ते अंथरुणालाच खिळले.

नेवा झोराच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पुढ्यातली घेवड्याची नि आंबट कोबीची आमटी निवून गेली.

"मावशी, तुम्हाला तरी वाटतं का मी घेतलं असेल?"

"वाटलं असतं तर आमटी वाढली असती का? खा आधी."

"घशाखाली उतरत नाही." ती चमचा फिरवत राहिली. मग म्हणाली, "एक विचित्र आहे. डब्यात रिळाबरोबर ऑलिव्हची वाळलेली डहाळी असायची. तिंकाचीच, ईस्टरच्या आदल्या रविवारी, पाम रविवारी, मंत्रून घेतलेली. सगळे हसायचे तिला. चोराने तीही नेली."

झोराचा हात थांबला. "पडली असेल कुठे."

"मी जमीन चाचपली. एक पानसुद्धा नाही."

विकायला रीळ चोरणारा माणूस सुकलेली डहाळी कशाला सांभाळून नेईल? झोरा खिडकीपाशी गेली. समोर मनोरा होता. त्याच्या पायाशी एक दार अंगणात उघडायचं आणि दुसरं आतल्या दालनात. दुसऱ्या दारापासून हाकेच्या अंतरावर ध्वनिसंग्रहाची खोली.

"सकाळभर त्या दालनात कोण होतं?"

"सगळंच गाव. बायका सणाचे हंस भाजायला नेत होत्या, पिंपं आणत होत्या. माशी शिरली असती तरी दिसली असती."

"आणि घंटांच्या वेळी?"

"घंटांच्या वेळी कोण असणार? सगळे अंगणात. मीही तुमच्या समोरच होते की."

झोरा मनात हिशेब मांडू लागली. चोरी फक्त घंटा वाजत असताना होऊ शकत होती. त्या वेळी सगळं विद्यापीठ तिच्या डोळ्यांसमोर उभं होतं, तीन माणसं सोडून. आणि ती तिघं मनोऱ्यात होती, याची ग्वाही तीन घंटा स्वतः देत होत्या.

मग चोरी केली कुणी?

तीन

"या या झोराबाई," एत्तोरेने खुर्ची पुढे सारली. "आज कुणाचं बोलणं माझ्या कानात ओतायला आलात?"

"आज माझंच बोलणं आहे."

"अरे बापरे. तुम्हाला स्वतःचंही असतं होय?"

झोरा हसली नाही. "नेवाची नोकरी जातेय, एत्तोरे."

त्याचं हसू मावळलं. चांगला माणूस, चर्चमध्ये तो फक्त ईस्टरला जायचा, तेही नंतर हॅम मिळतं म्हणून, असं तो स्वतःच सांगायचा. डहाळी जपणारा हा नव्हे.

"घंटा कशा झाल्या त्या दिवशी?" तिने विचारलं.

"झाल्या की. दरवर्षीसारख्या." त्याने टेबलावरचे कागद उगीच सारखे केले. "का? बेसूर वाटल्या?"

"नाही. सुरेल वाटल्या."

"मग झालं तर. कॉफी घेणार?"

एत्तोरे कॉफी देऊ करतो ती पाहुण्याला घालवायला, हे सगळ्या टेकडीला माहीत होतं.

ओत्मार अंगणात भेटला. तो वर्षानुवर्षं एत्तोरेशी भांडत आला होता. जर्मन विभागाला खोली द्यायची की नाही यावरून दोघं जेवणाच्या टेबलावर एकमेकांकडे पाठ करून बसायचे. झोराला वाटलं, एत्तोरेने काही लपवलं असेल तर हा आनंदाने सांगेल.

"घंटा?" ओत्मार म्हणाला. "छान झाल्या."

"एत्तोरेचा ठेका चुकला नाही कुठे?"

"एत्तोरेचा?" तो खाली बघत राहिला. "त्या दिवशी एत्तोरेने जे वाजवलं ना, ते मला जन्मात जमणार नाही."

आणि तो लांब ढांगा टाकत निघून गेला.

झोरा जागच्या जागी उभी राहिली. ओत्मारने एत्तोरेचं कौतुक केलं होतं. मार्टिनच्या टेकडीवर अशी गोष्ट कुणी ऐकली नव्हती. एका धाकट्या घंटेवर, दरवर्षीच्या ठेक्यात, एत्तोरेने असं काय वाजवलं की त्याच्या वैऱ्याने मान खाली घालावी?

चार

शनिवारी संध्याकाळी झोरा आपल्या गावच्या चर्चबाहेर बाकावर बसली होती. आत भजनं चालली होती. ती तिला बाहेरूनच ऐकायला आवडायची, भिंतीतून गाळून आलेली. गावाला एकच घंटा. ती झुलायला लागली आणि झोरा नुसती ऐकत राहिली. कुणासाठी नाही, कुणाच्या कानात सोडायचं नाही.

घंटा झुलत होती. तोंड इकडे वळलं की नाद जवळ येई, तिकडे वळलं की दूर जाई. येई आणि जाई. जणू कुणी अंगणात येरझाऱ्या घालतंय.

आणि अडलेलं पाणी एकदम सुटावं तसं एक वाक्य तिच्या आत वर आलं. कुणा दुसरीचं वाक्य, तिच्याच तोंडून गेलेलं.

आधी घंटा चालत येत होती. आता उभं राहून गातेय.

ती बाई कवी नव्हती. तिने जे ऐकलं तेच ती बोलली होती. सुरुवातीला थोरली झुलत होती. मग ती झुलायची थांबली, आणि तरी वाजत राहिली, एकाच जागेवरून. म्हणजे खाली दोराला कुणी नव्हतं. आणि वर कुणीतरी तिच्या लोलकाला हात घातला होता.

ती तशीच उठून एत्तोरेच्या घरी गेली. दार त्यानेच उघडलं. आत टेबलाशी, आश्चर्य म्हणजे, ओत्मार बसला होता. दोघांमध्ये मदिरेची सुरई होती आणि दोघांचे चेहरे सुतकी.

"तुम्ही दोन घंटा एकट्याने वाजवल्यात," झोरा एत्तोरेला म्हणाली. "एका हाताने धाकटी, दुसऱ्या हाताने थोरली."

एत्तोरेने मागचं दार लावून घेतलं. ओत्मारने सुस्कारा सोडला. "सांगून टाक. मला तरी हे पोटात ठेवून झोप येत नाही."

"मनोऱ्यातलं मनोऱ्यात राहतं, बाई," एत्तोरे म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "पण तुम्हाला आधीच ठाऊक आहे, तर मी सांगितलं असं होत नाही. थोरलीचा झोका बसत चालला. मी ओत्मारकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. दोघांना एकच वाटलं: म्हातारा दमला. छातीचं दुखणं आहे, हात चालत नाहीत, आणि तो जिवात जीव आहे तोवर कबूल करायचा नाही. खाली अख्खं अंगण ऐकतंय. थोरली मध्येच बंद पडली तर उद्या लोक म्हणतील, आता रेक्टर बदला. म्हणून मी वाकलो नि तिचा लोलक धरला."

"मोठ्या लोलकाने माणसाचा खांदा निखळतो," ओत्मार म्हणाला. "याने अर्धा सण वाजवला. दाखव तिला."

एत्तोरेने सदऱ्याची कॉलर ओढली. खांदा जांभळा-काळा पडला होता.

"खाली गेलात तेव्हा सर कुठे होते?"

"दोराशीच. धापा टाकत होते, चेहरा लाल. आम्ही काही बोललो नाही. त्यांना वाटावं, आम्हाला कळलंच नाही."

"कोट घातलेला होता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोर ओढणारा माणूस सगळ्यात आधी कोट काढतो, आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटाआड रीळ सहज मावतं. ओत्मार पुटपुटला, "देवा."

झोराला सगळं दिसलं, आणि तिला आनंद झाला नाही. मोठ्या घंटेला जोराचा झोका दिला की ती थोडा वेळ आपली आपणच झुलत राहते. तेवढ्या वेळाच्या भरवशावर एक म्हातारा दोर सोडून दालनात गेला. ज्याने तो संग्रह उभा केला, ज्याच्याकडे हरवलेली किल्ली असणं सगळ्यात साहजिक होतं, ज्याने अंधारातही तो डबा ओळखला असता. त्याच्या हिशेबापेक्षा पाय हळू पडले. घंटा थांबायला आली. आणि दोन वैऱ्यांनी, एक शब्द न बोलता, त्याच्यावरच्या मायेपोटी त्याची चोरी झाकली. ती चोरी आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

पण का? जो माणूस आयुष्यभर म्हणत आला की घंटेत देव नसतो, कंपन असतं, त्याने मंत्रलेली डहाळी का नेली?

पाच

रविवारी सकाळी, सभेच्या आधी, झोरा कागदाच्या पुडीत गरम चेस्टनट घेऊन सरांच्या घरी गेली. ते उशांना टेकून बसले होते.

"ये गं. माझी सगळ्यात वाह्यात विद्यार्थिनी." त्यांनी पुडीत हात घातला. "सोलून दे. बोटं ऐकत नाहीत."

झोराने एक सोलला, त्यांच्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. मग म्हणाली, "सर, थोरली उभी राहिली होती."

त्यांचं चावणं थांबलं. खिडकीबाहेर वारा उठला होता. उत्तरेकडून येतो तो बोचरा, कौलं उचलणारा.

"तुला ऐकू आलं?"

"मला नाही. एका पाहुणीला आलं. मी फक्त ते दुसऱ्या कानात सोडलं."

ते हसले, आणि हसता हसता डोळे भरले. मग त्यांनी उशीखाली हात घातला. पांढऱ्या रुमालात रीळ होतं. वर ऑलिव्हची डहाळी.

"मी वर गेलो तेव्हा तिने मला तीनदा हाकललं," ते सांगू लागले. "हे गाणं गुड फ्रायडेलाच म्हणायचं असतं, दुसऱ्या दिवशी नाही. एकदा शेजारणीच्या आग्रहाखातर तिने सुगीत म्हटलं होतं, आणि त्या वर्षी तिचं तान्हं गेलं. मी तिला म्हणालो, बाई, गाण्याने मूल मरत नाही. ती म्हणाली, तुझं मेलंय का? मग मी गुड फ्रायडेला गेलो. बर्फातून. ती म्हणाली, माझ्यामागे हे म्हणणारं कुणी नाही, म्हणून देते. पण शब्द दे. या एका दिवसाखेरीज माझा आवाज उघडायचा नाहीस. मी शब्द दिला. तिने डहाळी माझ्या हातात ठेवली, साक्षीला."

"विश्वस्तांना सांगायचं होतं."

"एकदा सांगायला गेलो. अध्यक्ष म्हणाले, सर, तुम्हीच ना म्हणता सगळी कंपनं असतात? सगळे हसले. मीही हसलो, झोरा. तीच माझी चूक. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार? वाटलं, सण पार पडू दे, मग हळूच जागेवर ठेवीन. नेवाचं नाव येईल हे सुचलंच नाही मला. मी म्हटलं की तिला दोष देऊ नका. वाटलं, माझ्या शब्दाने भागेल."

"नाही भागलं. आज तिला काढताहेत."

त्यांनी डहाळी बोटांत फिरवली.

"तुमच्यावर मी काही लादणार नाही, सर," झोरा म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. इतकी वर्षं तो दुसऱ्यांसाठीच वापरलेला. "तुम्ही एका बाईला दिलेला शब्द पाळलात. पण त्यापायी दुसरीचा शब्द खोटा पडतोय. ती सांगतेय की सकाळी रीळ होतं, आणि ते खरं आहे हे फक्त तुम्हाला माहीत आहे."

वाऱ्याने खिडकी खडखडली. सरांनी पांघरूण बाजूला केलं.

"माझा कोट दे," ते म्हणाले.

सहा

आमच्या सभेत प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेत बोलायचं असतं. परक्या भाषेत माणूस सावकाश भांडतो, म्हणून. कोमेलसर नेहमी सुरेख इटालियनमध्ये बोलायचे. त्या दिवशी ते एका हाताने एत्तोरेचा आणि दुसऱ्या हाताने ओत्मारचा आधार घेऊन आत आले, रुमालातलं रीळ टेबलावर ठेवलं, आणि आपल्या आईच्या भाषेत, डोंगरातल्या खरबरीत स्लोव्हेनमध्ये, बोलू लागले.

इटालियन विश्वस्तांनी झोराकडे पाहिलं.

दुभाषी "ते म्हणतात" असं म्हणत नाही. समोरचा "मी" म्हणाला की तिलाही "मी"च म्हणावं लागतं. इतकी वर्षं झोराने मंत्र्यांचे, महापौरांचे, बिशपांचे "मी" उच्चारले होते आणि एकही तिला चिकटला नव्हता.

"ही चोरी मी केली," झोरा म्हणाली. तिचा आवाज कापला. "मी एका बाईला शब्द दिला होता, आणि त्या शब्दाची मला लाज वाटली. चोरीपेक्षा ती लाज मोठी. नेवा लुपिंक खरं बोलली. मी तिची क्षमा मागतो."

सरांनी टोपी काढली. त्यांचं शेवटचं वाक्य झोराला पुरं करता आलं नाही. ते ओत्मारने केलं, जर्मनमध्ये, आणि त्याच्यामागून एत्तोरेने इटालियनमध्ये. "मी पद सोडतो. फक्त एकच मागणं आहे, हिला तिच्या दिवशी वाजवा."

नेवा खुर्चीवरून उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही ओरडेल, आणि तिला तो हक्कही होता. ती टेबलापाशी आली, रीळ उचललं, डहाळी त्याच्यावर नीट ठेवली.

"सर, तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी किल्ली दिली असती."

सात

गुड फ्रायडेला आमच्याकडे घंटा मुक्या असतात. आदल्या दिवशी त्या रोमला उडून जातात असं आम्ही पोरांना सांगतो. त्यांच्या जागी लाकडी करकरे फिरवतात. सुक्या लाकडाचा तो आवाज टेकडीभर ऐकू येतो.

प्रार्थनाघरात बसायला जागा नव्हती. पाहुणे नाहीत, भाषणं नाहीत. नेवाने यंत्र वेदीच्या पायरीवर ठेवलं होतं. राजधानीची नोकरी तिने घेतली होती, पण उन्हाळ्यापासून. आधी तिंका, असं तिने त्यांना कळवलं होतं. कोमेलसर मागच्या बाकावर, कोट मांडीवर घेऊन. एत्तोरे नि ओत्मार त्यांच्या दोन बाजूंना, आणि दोघांच्या पाठी एकमेकांकडे नव्हत्या.

नेवाने कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग चुलीत लाकूड तडतडलं. कितीतरी वर्षांपूर्वी विझून गेलेली ती आग आमच्यात पेटली. मग कुणीतरी श्वास घेतला.

आणि तिंका गायला लागली.

आवाज म्हातारा होता, गोड मुळीच नव्हता. डोंगरउतारावरच्या दगडासारखा कोरडा. पण तो जिथे जाई तिथे माणसाला घेऊन जाई. मारिया विचारत होती, बाळा, तुला मी धुतलं, तुला मी निजवलं, हे हात कुणी असे ठोकले? सगळे शब्द कुणालाच कळत नव्हते, कारण ते जाणणारी माणसं मातीत होती. आणि तरी तिथे असं एकही माणूस नव्हतं ज्याला कळलं नाही. आपल्याकडे मी कीर्तनं पुष्कळ ऐकली. देव येतो म्हणतात तो कसा येतो हे मला त्या दुपारी समजलं: पावलं न वाजवता, एका अडाणी बाईच्या तुटक्या श्वासातून, सगळ्यांच्या मध्ये येऊन बसतो, आणि कुणाची हलायची छाती होत नाही.

झोराच्या शेजारी ती सणातली पाहुणी म्हातारी होती. झोराने तिला मुद्दाम बोलावलं होतं. तिने हळूच विचारलं, "काय म्हणतेय?"

झोराने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि म्हातारीचा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिने भाषांतर केलं नाही.

गाणं संपलं. फीत फिरत होती. खरखरीतून तिंकाचा बोलता आवाज आला, अगदी साधा, चुलीशी बसलेल्या बाईचा. गाण्यातले जुने शब्द नाहीत, पण ही रोजची बोली सरांना समजत होती. ते मागून थरथरत्या आवाजात सांगू लागले, आपल्यालाच सांगावं तसं:

"म्हणतेय, झालं रे पोरा. आता ते बंद कर आणि दूध पिऊन घे. गार होतंय."

फीत तुटली. नक्कल उतरली होती. कुणी उठलं नाही.

कोमेलसर त्याच उन्हाळ्यात गेले. त्यांना निरोप द्यायला तिन्ही घंटा वाजल्या, आणि थोरलीचा दोर ओढायला झोरा उभी राहिली. तिने तो सोडला नाही.

मंडळी, तुम्ही इतका वेळ जवळ बसलात, तर जाताना एवढं करा. कधी घरात चूल पेटेल, दूध तापेल, कुणी लेकराला म्हणेल की पिऊन घे, गार होतंय, तेव्हा क्षणभर थांबा. व्रहपोतोकच्या तिंकाची आठवण काढा. तिच्या बोलीत तिला हाक मारणारं आता कुणी नाही. तुमच्या बोलीत मारा. तिला चालेल.